ताक घरात असताना व्हिनेगर कशाला?

स्कोन करायला निघालेल्या मराठी घरात पहिलं अडतं ते बटरमिल्कपाशी. इंग्रजी पाककृतीत साहित्याच्या यादीत तो शब्द असतो आणि खाली बहुतेकदा एक टीप असते: बटरमिल्क मिळालं नाही तर कपभर दुधात चमचाभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घाला, दहा मिनिटं ठेवा आणि वापरा. टीप वाचून दूध मोजलं जातं, लिंबू पिळलं जातं, दूध फाटतं. त्याच वेळी त्याच घरातल्या फ्रिजमध्ये, आदल्या दिवशी सायीचं लोणी काढून उरलेलं ताक पातेल्यात झाकून ठेवलेलं असतं. त्याची कढी झाली तर झाली, नाही तर दोन दिवसांनी ते कुंडीतल्या कढीपत्त्याच्या मुळाशी जातं.

हा उलटा कारभार थांबायला हवा. स्कोनसाठी लागणारं बटरमिल्क म्हणजे मुळात ताकच. लोणी निघाल्यावर भांड्यात मागे राहिलेलं, आंबट, पांढरं ताक. दुधात लिंबू पिळण्याची युक्ती तिकडच्या गरजेतून निघाली, कारण तिकडच्या घरांतून ताक केव्हाच गेलं. ज्या घरात अजून साय साठवली जाते, विरजण लागतं आणि तुपासाठी लोणी कढतं, त्या घराने ही युक्ती जशीच्या तशी उचलावी याला काही अर्थ नाही.

ताक तिकडे गेलं कसं, हे पाहण्यासारखं आहे. स्कॉटलंड-आयर्लंडच्या शेतघरांत दुधावरची साय अनेक दिवस साठवत. साठता साठता ती आपोआप आंबे. मग ती घुसळून लोणी काढत आणि उरलेलं ताक पिण्यात, लापशीत नि भाकऱ्यांत संपे. १८७८ मध्ये गुस्ताफ द लावाल या स्वीडिश अभियंत्याने दुधातून मलई सतत वेगळी काढणारं फिरतं यंत्र आणलं. मलई ताज्या दुधातूनच निघू लागली, तिला आंबायला वेळ उरला नाही. लोणी काढण्याचं काम शेतघरातून कारखान्यात गेलं आणि त्याबरोबर ताकही गेलं. आज तिथल्या दुकानात बटरमिल्क म्हणून जो डबा मिळतो, त्यात बहुधा कमी स्निग्धांशाच्या दुधाला विरजण लावून दाट केलेला पदार्थ असतो. लोण्याशी त्याचा संबंध फक्त नावापुरता. उलट सायीला विरजण लावून, रवीने किंवा मिक्सरवर घुसळून पुण्या-नाशिकच्या स्वयंपाकघरात जे ताक निघतं, ते त्या जुन्या शेतघरातल्या ताकाचं अगदी सख्खं भावंड आहे.

स्कोनचा इतिहासही असाच गरिबाच्या चुलीपासून सुरू होतो. स्कॉटिश कवी गॅव्हिन डग्लस याने व्हर्जिलच्या 'इनीड'चं स्कॉट्स भाषेत केलेलं भाषांतर १५१३ मध्ये पूर्ण झालं, त्यात हा शब्द लिखित रूपात पहिल्यांदा सापडतो असं कोशकार मानतात. त्या काळी मैदा चैनीचा होता. सामान्य घरात ओटचं नाहीतर जवाचं पीठ असे, त्याची जाड गोल भाकरी लोखंडी तव्यावर भाजत. तिला बॅनक म्हणत आणि त्या तव्याला गर्डल. भाकरीचे चार तुकडे करत, त्यातल्या एकाला फार्ल म्हणत. फार्ल हा शब्द चौथा भाग या अर्थाच्या जुन्या स्कॉट्स शब्दापासून आला. मराठीत त्याला प्रतिशब्द शोधावा लागत नाही, कारण आपल्याकडे चतकोर आहे. चतकोर भाकरी आणि चतकोर स्कोन यांच्यामध्ये समुद्र आहेत, पण दोन्हीकडे तव्यावरच्या जाड गोलाकडे बाईने एकाच हिशेबाने पाहिलं आहे.

म्हणजे ओव्हन नाही म्हणून स्कोन होणार नाहीत, ही दुसरी अडचणही गळून पडते. स्कोन ओव्हनमध्ये नंतर गेले. आधी शेकडो वर्षं ते तव्यावरच होत होते.

ते आजच्यासारखे फुगू लागले मात्र एकोणिसाव्या शतकात, खायचा सोडा स्वस्त आणि सर्रास झाल्यावर. यीस्टचं पीठ फुगायला तास-दोन तास लागतात, शिवाय त्याला चिवट, भरपूर ग्लुटेनचा गहू लागतो. आयर्लंडच्या ओल्या हवेत पिकणारा गहू मऊ, त्याचा यीस्टचा पाव नीट उभा राहत नसे. सोडा आणि ताक यांना मात्र हाच मऊ गहू मानवला. पीठ, मीठ, सोडा, ताक एवढ्या चार जिनसांत आयरिश सोडा ब्रेड तयार होतो. उत्तर आयर्लंडमध्ये आजही तो तव्यावर चतकोर करून भाजतात.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये दोन माणसं वेगवेगळ्या कारणांनी यीस्टशिवाय पीठ फुगवण्याच्या याच प्रश्नाला भिडली होती. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला यीस्ट चालत नसे, अंडीही चालत नसत. अंड्यांसाठी त्यांनी १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि यीस्टसाठी १८४३ मध्ये बेकिंग पावडर. ब्रिस्टलचे बेकर हेन्री जोन्स यांनी १८४५ मध्ये सोडा आणि आम्ल आधीच मिसळलेल्या पिठाचं पेटंट घेतलं, तेच आजचं सेल्फ रेझिंग फ्लोअर. घरातल्या माणसाला त्रास होतो म्हणून औषधाच्या दुकानात खटपट करणारा बर्ड हा या सगळ्या इतिहासातला सर्वात जवळचा वाटणारा माणूस आहे. आणि एक गोष्ट मराठी शाकाहारी घरांच्या सोयीची आहे: स्कोनला अंडं लागतच नाही. काही पाककृतींत ते असतं, पण ताकाच्या साध्या स्कोनला त्याची गरज नाही.

सोडा आणि ताक यांची जोडी मराठी स्वयंपाकघराला नवीन नाही. ताकात भिजवलेल्या ढोकळ्याच्या पिठात सोडा पडला की ते फसफसतं, तेच स्कोनच्या पिठात होतं. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. ताकातल्या लॅक्टिक आम्लाशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि ते बुडबुडे पिठाला उचलतात. आम्ल नसेल तर नुसता सोडाही उष्णतेने फुटतो, पण मागे सोडियम कार्बोनेट उरतं. साबणासारखी चव, पिवळट डाग आणि तोंडात राहणारा तुरटपणा त्याचाच. सोडा जास्त पडलेला ढोकळा ज्यांनी खाल्ला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. साधारण अंदाज असा की कपभर आंबट ताकाला अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो. त्याहून जास्त सोडा घातला तर त्याला जोडीदार मिळत नाही.

दुधात लिंबू पिळून हे आम्ल मिळतं, हे खरं आहे. पण तेवढंच मिळतं. विरजणातले जिवाणू आम्लाबरोबर आणखीही काही करतात. त्यांतले काही डायअसिटिल नावाचं द्रव्य तयार करतात, ताज्या लोण्याला जो ओळखीचा वास येतो तो बराचसा त्याचा. शिवाय घुसळताना सायीतल्या स्निग्ध कणांवरची पातळ आवरणं फुटून ताकात उतरतात. त्यांत लेसिथिनसारखी द्रव्यं असतात आणि ती पाणी नि तूप यांना एकत्र धरून ठेवतात. लिंबू पिळलेल्या दुधात यातलं काही नसतं. ते आंबट दूध असतं, ताक नसतं.

आता प्रश्न येतो कोणत्या ताकाचा, आणि इथे मराठी माणसाने थोडं थांबून विचार करायला हवा. जेवणानंतर पितो ते पातळ ताक चालणार नाही. पिशवीतलं मसाला ताक तर मुळीच नाही, त्यात मीठ, जिरं आणि हिंग असतं. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ताकाचे प्रकार पाण्याच्या नि सायीच्या हिशेबाने सांगितले आहेत. सायीसकट, पाणी न घालता घुसळलेलं ते घोल. साय काढून, पाणी न घालता घुसळलेलं ते मथित. चौथा हिस्सा पाणी घातलेलं ते तक्र, निम्मं पाणी घातलेलं ते उदश्वित, आणि साय काढून भरपूर पाणी घातलेली ती छच्छिका. स्कोनला हवं ते मथिताच्या आसपासचं, फार तर तक्रापर्यंतचं. लोणी वर यावं म्हणून घरात गार पाणी ओतलेलंच असतं, म्हणून ताक तासाभर न हलवता ठेवावं. दाट भाग खाली बसतो आणि वर निवळ पाणी येतं. त्यातलं बरंचसं ओतून टाकलं की खाली राहतं ते सायीच्या विरजणाचं दाट, आंबूस ताक. इंग्रजी पाककृतीतलं माप त्याला बरोबर लागू पडतं.

घरच्या ताकाचा आंबटपणा रोज सारखा नसतो, हा आक्षेप रास्त आहे. मे महिन्यात दुपारपर्यंत दात आंबतात, डिसेंबरात दोन दिवस गेले तरी गोडसर राहतं. डब्यातल्या बटरमिल्कचं तसं नसतं, ते दर वेळी एकाच चवीचं. पण कढीसाठी ताक किती आंबट झालं हे जिभेवर थेंब ठेवून ठरवणारी बाई स्कोनसाठीही ते ठरवू शकते. गोडसर ताक असेल तर सोडा कमी करून बेकिंग पावडर वाढवायची, कारण तिच्यात आम्ल आधीच असतं.

माप साधं आहे. २५० ग्रॅम मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे साखर, ५० ग्रॅम थंड लोणी आणि सुमारे १५० मिली दाट ताक. लोणी घरचं असेल तर गार पाण्यात धुऊन, पाणी नीट पिळून, फ्रिजमध्ये घट्ट करून घ्यावं. विकतचं खारं बटर असेल तर मीठ घालू नये.

खरं कौशल्य इथून पुढे आहे, आणि ते वजनकाट्याचं नाही, बोटांचं आहे. पिठात थंड लोण्याचे तुकडे टाकायचे आणि बोटांच्या टोकांनी चोळायचं. तळहात लागू द्यायचा नाही, तो गरम असतो. करंजीच्या पिठाला मोहन चोळतात तीच ही क्रिया, फरक इतकाच की करंजीला मोहन कडकडीत लागतं आणि इथे ते गोठलेलं हवं. करंजीत मूठ वळली की मोहन पुरेसं झालं असं समजतात. इथे तिथपर्यंत जायचं नाही. जाड रव्यासारखं झालं, मध्ये मध्ये तुरीच्या डाळीएवढे कण राहिले की थांबायचं. हेच कण नंतर उष्णतेने वितळून पिठात पापुद्र्यांची जागा करतात.

मग ताक. सगळं एकदम ओतायचं आणि उलथण्याने किंवा सुरीने चार-पाच वेळा फिरवायचं. भांड्यात हलकी फसफस ऐकू येते, पीठ चिकट नि ओबडधोबड दिसतं. मराठी हाताला इथे मोह होतो. कणीक तिंबून तिंबून लोण्यासारखी मऊ करायची हे लहानपणापासून बघितलेलं असतं, म्हणून हात आपोआप मळायला लागतात. पण मळलं की ग्लुटेनचे धागे ताणले जातात आणि स्कोन फुगण्याऐवजी बिस्किटासारखा घट्ट, चिवट होतो. हात पिठाला लावून आठ-दहा वेळा फक्त गोळा करायचं, एकदा दुमडायचं, आणि तळव्याने थापून अडीच सेंटिमीटर जाड ठेवायचं. स्कोन पहिल्यांदा बिघडतात ते बहुतेक इथेच.

कापताना वाटीची बोथट कड नको. ती कडा दाबून बंद करते आणि स्कोन एका बाजूला कलंडतो. धारदार साचा सरळ खाली दाबून उचलावा, फिरवू नये. साचा नसेल तर सुरीने त्रिकोण कापावेत, जुन्या चतकोरासारखे. ओव्हन २२० अंशांवर आधीच तापलेला असायला हवा. बारा ते पंधरा मिनिटांत वरून सोनेरी, बाजूंना फिकट असे स्कोन तयार होतात. कडेला मध्यावर आडवी भेग पडलेली असली की समजावं, तो नीट उमलला.

तव्यावर करायचे तर बिडाचा जाड तवा काढावा. पीठ दीड सेंटिमीटरच जाड थापावं, गोल करून चार चतकोर करावेत. तवा तापला का ते पाहायला चिमूटभर मैदा टाकावा. तो लगेच काळा पडला तर आच जास्त, हळूहळू बदामी झाला तर बरोबर. तेल-तूप घालायचं नाही. मंद आचेवर एका बाजूने सहा-सात मिनिटं, उलटून तेवढीच, आणि शेवटी चतकोर उभे करून कापलेल्या कडा शेकायच्या. पुरणपोळी भाजणाऱ्या हाताला हा धीर नवीन नाही. ओव्हनच्या स्कोनपेक्षा हे कमी फुगतात, पण त्यांना वरखाली जी पीठभुरी, खरपूस साल येते, ती ओव्हनमध्ये येत नाही.

तव्यावरचे स्कोन कमी प्रतीचे असं कोणाला वाटलं, तर राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांचं पत्र आठवावं. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर १९५९ मध्ये राणीच्या बाल्मोरल वाड्यात पाहुणे होते. त्यांना तिथले ड्रॉप स्कोन आवडले, आणि जानेवारी १९६० मध्ये राणीने त्यांची कृती पत्रासोबत पाठवली. ड्रॉप स्कोन म्हणजे जाडसर लहान धिरडीच, पीठ सरबरीत करून गर्डलवर चमच्याने टाकतात. त्या कृतीत ताक नाही, दूध आहे. म्हणून दोन चमचे सोड्याला तीन चमचे क्रीम ऑफ टार्टर घालावं लागलं आहे. दुधात आम्ल नाही, ते बाहेरून आणावं लागतं. राजवाड्यातही हिशेब तोच.

स्कोन म्हटलं की आपल्याकडे आज डोळ्यांपुढे येतं ते मोठ्या हॉटेलातलं तीनमजली ताटाळं आणि त्यावरची 'हाय टी' ही पाटी. त्या नावातही गोंधळ आहे. ब्रिटनमध्ये हाय टी हे कामगार घरातलं संध्याकाळचं भरपेट जेवण होतं, चहासोबत मांस, पाव, चीज असं. सरदार घराण्यातली दुपारची नाजूक चहावेळ वेगळी. बेडफर्डच्या डचेस अ‍ॅना यांनी ती १८४० च्या सुमाराला रूढ केली असं मानलं जातं. स्कोन या दोन्ही ठिकाणी पोचला, पण जन्मला चुलीपाशी. आपल्याकडे तो हॉटेलातून आला, म्हणून महाग आणि अवघड वाटतो. तो पंचवीस मिनिटांत होणारा, उरलेलं ताक संपवणारा साधा पदार्थ आहे, आणि त्याला ती जागा परत द्यायला हवी.

त्याच्यावर काय लावायचं यावरून तिकडे दोन जिल्हे भांडतात. डेव्हनमध्ये आधी क्लॉटेड क्रीम, मग जॅम. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. २०१८ मध्ये कॉर्नवॉलमधल्याच एका ऐतिहासिक वाड्याच्या जाहिरातीत क्रीम खाली नि जॅम वर दिसला तेव्हा स्थानिकांनी जोरदार नापसंती कळवली होती. क्लॉटेड क्रीम म्हणजे मलई मंद आचेवर तापवून हळूहळू निववून जाड थरात धरलेली, किमान ५५ टक्के स्निग्धांशाची. आपल्याकडे तिचं नातं थेट सायीशी आहे. म्हशीचं दूध मंद तापवून रात्रभर गार ठेवलं की सकाळी वर जी जाड, किंचित पिवळसर साय येते, ती गरम स्कोनवर घालून बघावी. वर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा मुरंबा, किंवा उन्हाळ्यात आंब्याचा साखरांबा. साय त्यासाठी थोडी बाजूला काढून ठेवायची, बाकीची विरजणात, म्हणजे पुढच्या ताकाचीही सोय होते.

मैद्याबद्दलची तक्रार टाळून चालणार नाही. रोज खाण्याचा हा पदार्थ नाही. निम्मी कणीक घातली तर चव चांगली लागते, फक्त चक्कीच्या पिठातला स्टार्च दळताना जास्त फुटलेला असतो, तो पाणी अधिक ओढतो, म्हणून ताक दोन-तीन चमचे वाढवावं लागतं. सगळीच कणीक घेतली तर मात्र तो जड होतो. तेव्हा थालीपीठच करावं, ते जास्त चांगलं लागेल.

स्कोन शिळा फार लवकर होतो. त्यात लोणी बेताचं असतं, अंडं नसतं, त्यामुळे सकाळी केलेला संध्याकाळपर्यंत कोरडा पडू लागतो. लागतील तेवढेच करावेत, नाही तर थापून कापलेले कच्चे तुकडे फ्रीझरमध्ये ठेवून हवे तेव्हा तसेच गरम ओव्हनमध्ये घालावेत, दोन-चार मिनिटं जास्त लागतात. भाजलेला उरलाच तर दुसऱ्या सकाळी मधोमध आडवा उघडायचा आणि कापलेली बाजू खाली करून तव्यावर ठेवायची. थोडं लोणी सोडलं की ती बाजू कुरकुरीत होते, आतला भाग पुन्हा मऊ पडतो, आणि आदल्या दिवशीच्या ताकाचा आंबूस वास वाफेबरोबर परत वर येतो.